अंगठ्यातली चाल

नागपुरातल्या अजनीच्या रेल्वे वसाहतीत माझे लहानपण गेले. आमच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीपासून रूळ फारसे दूर नव्हते, आणि रात्री चंद्रपूरकडून कोळसा भरून येणारी मालगाडी निघून जाईपर्यंत स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत राहत. अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही भावंडे वाघिणी मोजत असू. 58 झाल्या की गार्डाचा डबा यायचा, मग रूळ काही क्षण नुसते गुणगुणत राहायचे आणि मोजता मोजता कोणीतरी झोपी गेलेले असायचे. त्या मालगाडीचा ठेका माझ्या अंगात इतका मुरलेला आहे की एलिझाबेथ कॉटन यांचे 'फ्रेट ट्रेन' हे गाणे मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा शब्द कानावर पडण्याआधीच गिटारमधला तो एक जड, एक हलका असा सारखा चालणारा ठोका ओळखीचा वाटला. गाणे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचे, गाणारी बाई आमच्या पणजीच्या वयाची, आणि ठेका मात्र आमच्या मागच्या भिंतीपलीकडचा.

त्यानंतर गेली कित्येक वर्षे मी त्यांचे वादन ऐकते आहे, आणि जमेल तेवढे बोटांनी शिकण्याचा प्रयत्न करते आहे. या काळात त्यांच्याविषयी जे जे वाचले, त्यात मला एक गोष्ट सतत खटकत आली. लोक कॉटनबाईंची कहाणी भरभरून सांगतात आणि वादनाविषयी दोन ओळींत आटोपतात. मोलकरीण म्हणून राबलेली एक म्हातारी, तिला थोर मनाच्या कुटुंबाने ओळखले आणि जगासमोर आणले, एवढे सांगून झाले की स्तुती पुरी होते. या स्तुतीत करुणा आहे, पण कान नाही. कॉटनबाई दयेने मोठ्या झालेल्या नाहीत. त्या विसाव्या शतकातल्या अस्सल रचनाकारांपैकी आणि गिटारवादकांपैकी एक आहेत, आणि हे त्यांच्या हाताकडे बघूनच सांगावे लागते.

तरीही कहाणी थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यातल्या काही गोष्टी थेट त्या हातापर्यंत जातात. त्यांचा जन्म 1893 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्बरो या गावचा. घर रुळांजवळ होते. लहानपणी भाऊ कामावर गेला की त्याचा बॅन्जो चोरून वाजवायचा, आणि त्या वाजवायच्या त्या डाव्या हाताने. पुढे शाळा सुटली आणि एका गोऱ्या कुटुंबात घरकामाला लागल्या. पगार महिन्याला 75 सेंट. त्यातून साठवून त्यांनी 3 डॉलर 75 सेंटला स्टेला बनावटीची गिटार घेतली. हिशेब केला तर त्या पहिल्या पगाराचे पूर्ण पाच महिने. अकरा-बारा वर्षांच्या मुलीने पाच महिन्यांच्या कमाईची किंमत मोजून विकत घेतलेली वस्तू ती कोणाच्या सांगण्यावरून उलटसुलट करणार नाही, असे मला नेहमी वाटते. गिटार उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी तारा लावलेली होती. त्यांनी तारा बदलल्या नाहीत. गिटार फिरवून धरली आणि आहे त्या तारांवर डाव्या हाताने वाजवायला सुरुवात केली.

हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सामान्यतः गिटार मांडीवर घेतली की सर्वांत जाड तार वरच्या बाजूला, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे असते आणि सर्वांत बारीक तार खाली, गुडघ्याकडे. अंगठा आपोआप जाड तारांवर पडतो आणि खर्जाचा ठेका धरतो. बोटे बारीक तारांवर चाल वाजवतात. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर अंगठ्याकडे डग्गा आणि बोटांकडे चाट. कॉटनबाईंच्या उलट्या गिटारवर बारीक तारा वर आल्या आणि जाड तारा खाली गेल्या. म्हणून त्यांचा अंगठा चाल वाजवतो आणि खर्जाचा ठेका बोटांकडे, मुख्यतः तर्जनीकडे, आलेला आहे. दुसऱ्या हाताने धरायचे स्वरसमूहही (कॉर्ड) सारे नव्याने शोधावे लागतात, कारण तारांचा क्रम तोच राहून हात मात्र बदलले आहेत. कोणाचे वादन आरशात बघून ते जमणार नाही. त्यांना शिकवणारे कोणी नव्हते आणि असते तरी त्यांच्या बोटांना देता येईल असा धडा त्या काळी कोणापाशीही नव्हता.

आता याचा परिणाम कानाला काय होतो ते ऐकावे. अंगठा हे हातातले सर्वांत जड बोट. तो तार खाली दाबत सुटतो, तर बोटे तार आपल्याकडे ओढून सोडतात. इतर वादकांच्या हातात हे वजन खर्जाला मिळते, त्यामुळे ठेका ठाशीव आणि चाल नाजूक होते. कॉटनबाईंकडे वजन चालीला मिळाले आणि ठेका हलका, गोलसर, मागे राहून चालणारा झाला. त्यांच्या वादनात चाल कधीच ठेक्यावर तरंगत नाही. ती जमिनीवर पाय ठेवून चालते आणि ठेका तिच्या सावलीसारखा असतो. या पद्धतीला पुढे त्यांच्याच नावावरून 'कॉटन पिकिंग' म्हणू लागले आणि जगभरचे शिकाऊ वादक ती घोटतात, पण बहुतेक सारे ती सरळ गिटारवर, अंगठ्याने खर्ज धरून वाजवतात. स्वर तेच येतात, वजन मात्र जागा सोडते. मी दोन्ही प्रकारे वाजवून पाहिले आहे आणि हा फरक माझ्या कानाला दर वेळी जाणवला आहे.

मी स्वतः डावखुरी आहे, म्हणून हा विषय मला लांबून बघता येत नाही. आमच्या घरी डाव्या हाताने घास घेतला की आजी ताटातून हात उचलायची. लिहायचेही उजव्यानेच शिकले. कॉलेजात असताना धरमपेठेतल्या एका गिटार क्लासला मी मोठ्या हौसेने गेले. पहिल्याच दिवशी मी गिटार उलटी धरली. सरांनी ती माझ्या हातातून घेऊन सरळ केली आणि असे वाजवणारा माणूस जगात नसतो असे सांगितले. ते रागावले नव्हते, त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सांगितले होते. मी चार महिने उजव्या हाताने प्रयत्न केला आणि सोडून दिले. पुढे पंधराएक वर्षांनी, अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांच्या साठीच्या दशकातल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातले कृष्णधवल चित्रीकरण पाहताना, केस नीट मागे बांधलेली, सत्तरी ओलांडलेली एक बाई गिटार नेमकी तशीच उलटी धरून बसलेली मी पाहिली. तिच्या चेहऱ्यावर प्रयत्न दिसत नव्हता. अंगठा वर, बोटे खाली, मनगट जवळजवळ स्थिर. ते चित्रीकरण मी त्या रात्री किती वेळा पाहिले ते मोजले नाही.

'फ्रेट ट्रेन' त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या असताना रचले. हे वय कळले की लोक कौतुकाने हसतात आणि गाण्याकडे बालगीत म्हणून पाहू लागतात. मला यात त्या मुलीवर अन्याय दिसतो. गाण्याची तिसरी ओळ घ्या. पहिल्या दोन ओळी अगदी सरळ आहेत. सा आणि प यांच्या घरातून ये-जा करणाऱ्या, कोणालाही सुचाव्यात अशा. तिसऱ्या ओळीत मात्र हात अचानक ई या स्वरसमूहावर जातो. पेटीवर पांढरी एकचा सा धरला तर या स्वरसमूहात काळी चार वाजते, म्हणजे कोमल धैवताची जागा. आतापर्यंत शुद्ध स्वरांत सुखाने चाललेल्या गाण्यावर एक सावली पडते, आणि लगेच पुढच्या एफ या स्वरसमूहात तो स्वर अर्ध्या पायरीने वर सरकून शुद्ध धैवतावर येतो. सावली येते आणि उजेडातच विरते. एवढ्या छोट्या गाण्यात एवढी एकच वळणाची जागा, आणि ती नेमकी जिथे हवी तिथे. संगीताचे व्याकरण शिकलेला माणूस ही जागा समजावून सांगू शकेल, पण ती सापडायला कानच लागतो, आणि तो त्या मुलीला होता.

शब्दांचेही तेच. मालगाडी वेगाने धावते आहे, आणि गाणारी सांगते की मी कोणत्या गाडीने गेले ते कोणाला कळू देऊ नका. मग ती आपल्या मरणाकडे वळते. डोक्याशी आणि पायाशी दगड ठेवा, मी झोपले आहे एवढेच लोकांना सांगा. आणि मला चेस्टनट स्ट्रीटच्या टोकाला खोल पुरा, म्हणजे जुनी नऊ नंबरची गाडी जाताना मला ऐकू येईल. मरणाची कल्पना करणाऱ्या मुलांच्या गोष्टींत सहसा आई-बापाचे रडणे असते, सूड असतो, देवाघरचे वर्णन असते. इथे त्यातले काहीही नाही. या मुलीला मेल्यावरही फक्त ऐकत राहायचे आहे. रुळांजवळ ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना यातला खरेपणा समजावून सांगावा लागत नाही. वडील निवृत्त झाल्यावर आम्ही मनीषनगरला राहायला गेलो, तेव्हा पहिले कित्येक दिवस आई रात्री मध्येच जागी व्हायची, कारण गाडी जवळून जात नव्हती.

1910 मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्यानंतर लवकरच गिटार सुटली. चर्चमधल्या लोकांनी ही ऐहिक गाणी सोडून दे असे बजावले. एक मुलगी झाली, घरकामे सुरू राहिली. जवळजवळ 40 वर्षे त्यांनी गिटार वाजवली नाही. पुढे वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करत असताना गर्दीत हरवलेली एक लहान मुलगी त्यांनी तिच्या आईपर्यंत पोहोचवली. ती मुलगी पेगी सीगर, पुढची प्रसिद्ध लोकगायिका. तिची आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर आणि वडील संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर. या ओळखीतून कॉटनबाई त्यांच्या घरी कामाला लागल्या. या भागापाशी मी नेहमी थांबते. त्या घरात लोकगीतांवर अपार प्रेम होते. रूथबाईंनी ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून शेकडो लोकगीतांचे स्वरलेखन केले होते आणि मुलांसाठी केलेला त्यांचा संग्रह 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. दूरदूरच्या खेड्यांतून गोळा केलेली गाणी ज्या घरातल्या टेबलावर येऊन पडत होती, त्याच घराच्या स्वयंपाकघरात इस्त्री करत आणि भाजी चिरत कॉटनबाई उभ्या होत्या, आणि त्यांना गाता येते का, हे विचारण्याचे काही काळ कोणालाही सुचले नाही. शेवटी एक दिवस भिंतीवरची गिटार काढून त्यांनी वाजवली, आणि घरातल्या मुलांनी ती ऐकली.

मी सीगर कुटुंबाला दोष देत नाही. त्यांनी पुढे जे केले ते फार थोड्यांनी केले असते. पण हे वाचल्यावर मला आमच्या घरी वीस वर्षे कामाला येणाऱ्या मावशी आठवतात. त्या पारडीच्या बाजूने पायी यायच्या. भांडी घासताना त्यांच्या ओठांवर काहीतरी असायचे. नळाच्या पाण्यात शब्द बुडून जायचे आणि तोंडाशी कान लावल्याखेरीज कळले नसते. एकदाच, मी दहावीत असताना, आमच्या दारी भुलाबाईची गाणी म्हणायला मुली आल्या आणि मध्येच अडखळल्या, तेव्हा मावशींनी राखेचे हात तसेच ठेवून दारात येऊन पुढची कडवी एकामागून एक म्हटली. आवाज खणखणीत होता. मुली बघतच राहिल्या. खिरापत वाटून झाली आणि मावशी पुन्हा मोरीत गेल्या. त्या आता नाहीत. आणखी किती गाणी त्यांना येत होती, त्यातली त्यांनी स्वतः जोडलेली किती, हे मी त्यांना विचारले नाही, आणि ही चूक माझी आहे.

भुलाबाईचे नाव निघाले म्हणून इथेच सांगते. कॉटनबाईंचे 'शेक शुगरी' हे गाणे मला त्यांच्या सर्व रचनांत सर्वांत जवळचे वाटते. 1967 च्या ध्वनिमुद्रिकेत ते त्या स्वतः गात नाहीत. त्यांची बारा वर्षांची पणती ब्रेंडा इव्हान्स गाते आणि पणजी गिटारची साथ करते. चाल कॉटनबाईंची, आणि कडवी पणतवंडांनी झोपायच्या वेळी एकेकाने भर घालून रचलेली. प्रत्येक कडव्यात घरातली एकेक वस्तू गहाण पडते आणि ध्रुवपदात सारे काही गहाण पडल्याचे कबूल केले जाते, पण सूर रडका नाही. मुलांनी यादी वाढवत नेण्याच्या खेळातला आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या विदर्भात मुली दारोदार जी गाणी म्हणतात, त्यांची वीण अशीच असते: एका वस्तूतून दुसरी निघते, कडव्याला कडवे लागते, सासरचे दुःखही त्या साखळीत ओवले जाते आणि शेवटी सगळे खाऊ ओळखण्यावर येते. गरिबीचे गाणे मुलांच्या तोंडी द्यायचे आणि त्यातली गरिबी जराही कमी करायची नाही, हे फार अवघड काम आहे. ब्रेंडाचा आवाज थोडा कापरा, थोडा लाजरा आहे. पणजीची साथ त्या आवाजाच्या एका पावलाने मागे राहते आणि कुठेही स्वतःकडे लक्ष वेधत नाही. साथीदार म्हणून कॉटनबाई काय होत्या ते या एका गाण्यात पूर्ण कळते.

स्तुती करायची तर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कॉटनबाईंचा गळा मोठा नव्हता. 1958 साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. रूथबाईंचे चिरंजीव माइक सीगर यांनी ती घरगुती टेपरेकॉर्डरवर, बरीचशी कॉटनबाईंच्याच घरी मुद्रित केली होती. त्यात आवाज खाली, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत राहतो, आणि पुढच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत तो ओळीच्या टोकाला फाटतोही. काही भजनांत मला वादन ऐकायचे असते आणि गाणे मध्ये येते. रचनांची संख्याही थोडी, आणि बरेचसे तुकडे तीन मिनिटांच्या आत संपतात. 40 वर्षांच्या खंडाने आपल्याकडून काय काय नेले, ते या थोडकेपणात दिसते, आणि त्याला निरागस साधेपणा म्हणून गौरवणे मला पटत नाही. मात्र नुसत्या वादनाचे तुकडे ऐकावेत. 'विल्सन रॅग'मधला उड्या मारणारा अंगठा ऐकावा, 'व्हॅस्टोपोल'मध्ये मोकळ्या जुळवणीच्या, म्हणजे न दाबताच एक स्वरसमूह वाजेल अशा लावलेल्या, तारा एकमेकींत कशा घुमतात ते ऐकावे. तिथे म्हातारपण नाही, गरिबी नाही, कोणाची कृपा नाही, फक्त काम आहे.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणेही काही काळ त्यांचे राहिले नव्हते. पेगी सीगर यांनी ते इंग्लंडमध्ये नेऊन गायले, तिथल्या दोघांनी ते आपल्या नावावर नोंदवले, आणि 1957 मध्ये चास मॅकडेव्हिट व नॅन्सी व्हिस्की यांनी केलेली त्याची ध्वनिमुद्रिका तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत गेली. त्या वेळी ते रचणारी बाई वॉशिंग्टनमध्ये घरकाम करत होती. पुढे सीगर कुटुंबाच्या प्रयत्नांनी श्रेयात कॉटन हे नाव आले. ओव्यांना आणि भुलाबाईच्या गाण्यांना आपण सहज 'पारंपरिक' असे लिहून मोकळे होतो, तेव्हा त्या शब्दाखाली कोणाकोणाची नावे दबली असतील, याचा विचार हे प्रकरण वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

उरलेले सांगायला वेळ लागत नाही. 1964 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्यांनी गिटार वाजवली, 1970 च्या सुमारास त्या घरकामातून निवृत्त झाल्या, कार्यक्रमांच्या कमाईतून सिरॅक्यूसला स्वतःचे घर घेतले, 1985 मध्ये ब्याण्णव वर्षांच्या असताना ग्रॅमी हा संगीतपुरस्कार मिळाला, आणि 1987 च्या जूनमध्ये त्या गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी गिटार उलटीच धरली.

गेल्या दिवाळीत माझी दहा वर्षांची भाची पुण्याहून आली होती. तीही डावखुरी आहे. माझी गिटार तिने भिंतीवरून स्वतःच काढली आणि डाव्या हाताने वाजवता येईल अशी फिरवून मांडीवर घेतली.

"आत्या, या जाड तारा खाली गेल्या ना. बदलायच्या का?"

"राहू दे तशाच," मी म्हणाले.

तिने अंगठा सर्वांत वरच्या, सर्वांत बारीक तारेवर ठेवला आणि खाली सोडला. सूर किंचित करकरीत आला. तिने पुन्हा सोडला. मी तर्जनी कुठे ठेवायची ते दाखवले, खालच्या जाड तारेवर, आणि दोन्ही एका वेळी नको, आधी बोट, मग अंगठा, असे सांगितले. बोट, अंगठा, बोट, अंगठा. दहा मिनिटांनी तिचा ठेका सरळ चालू लागला, आणि मग ती माझ्याकडे न बघता वाजवत राहिली.